पाळण्याच्या पोटाखालची अक्षरं

मित्रांनो, पाळण्याच्या नोकरीत बढती नसते. दीड-दोन वर्षं बाळ जोजवायचं आणि मग माळ्यावर जाऊन पडायचं, एवढीच आमची कारकीर्द. मी आता दहा वर्षांचा आहे, म्हणजे पाळण्यांमध्ये पार म्हातारा. तरी मला अजून कुणी माळ्यावर टाकलेलं नाही. मी खिडकीपाशी उभा आहे. माझी एक बाजू चकचकीत आहे आणि दुसरी खरखरीत, कोरडी. माझ्या पोटाखाली, जिथे सहसा कुणाची नजर जात नाही, तिथे हातभर जागा कानशीने खरवडलेली आहे. हे तिन्ही कसं झालं ते मी तुम्हाला सांगणार आहे. गोष्ट गोड नाही. पण गोड गोष्टी सांगायला बाहुल्या आहेत.

मला एका सुताराने घडवलं. तो दारं करायचा. त्याचं लग्न नवीन होतं तेव्हा एका परगावी मोठा दवाखाना बांधत होते, तिथली दारं बसवायला तो चार महिने गेला. परत आला तेव्हा खांद्यावर उरलेल्या फळ्या होत्या. त्या फळ्या म्हणजे मी. त्याने त्या भिंतीला टेकवून ठेवल्या आणि बायकोला म्हणाला, "कधीतरी उपयोगी पडतील." बायको काज-बटणाचं काम करायची. सुई दातात धरून ती हसली. तिच्या हसण्याचा उपयोग लवकरच दिसला. दोन महिन्यांत घरात गोड बातमी फुटली.

या सुताराला एक सवय होती. ती त्याच्या उस्तादाने लावलेली. उस्ताद म्हणायचा, "वरचं अंग गिऱ्हाइकाचं, खालचं अंग सुताराचं. काम कुणासाठी, कोणत्या दिवशी संपलं आणि काय राहिलं, हे खालच्या अंगाला कोरून टाकायचं. नाहीतर हात त्याच कामात अडकून राहतो." त्यामुळे या गावातल्या कितीतरी टेबलांच्या पोटाखाली त्याची अक्षरं आहेत. 'शाळेसाठी. पाच तारीख. एक कप्पा बाकी.' तो हे इतक्या सवयीने करायचा की कोरल्याचं त्याला आठवतही नसे. आपण दार लावून कडी घालतो आणि विसरतो ना, तसं.

पाळण्याला अजून दोन महिने आहेत, असं तो धरून चालला होता. पण बाळाने कुणाला विचारलं नाही. त्याला घरी परतून सव्वासात महिने झाले होते, त्या महिन्याच्या तीन तारखेला मुलगी जन्मली. लाटण्याएवढी. सुईण तिला कापसात गुंडाळत म्हणाली, "नखंसुद्धा पुरती आली नाहीत अजून. सात महिन्यांचं पोर आहे, जपा. आवाज मात्र बघा, वर्षाच्या पोराला लाजवेल!"

घरात पाळणा नव्हता. सुताराने दुकानातल्या कपाटाचा एक खण उपसून आणला आणि त्यात मुलीला निजवलं. शेजारीपाजारी यायचे, खणात डोकावायचे आणि म्हणायचे, "मुबारक हो! मुलीला काय कुलपात ठेवणार का?" तो हसायचा आणि मुबारकबाद घ्यायचा. मग दुकानात येऊन माझ्यावर तुटून पडायचा. अठरा दिवसांत त्याने मला उभा केला. दोन बाकदार पाय, चार खांब, गजांचे कठडे. सुताराच्या हाताला घट्टे असतात, त्यांना लाकडाची बारीक कूस टोचली तरी समजत नाही. म्हणून त्याने माझा एकेक गज स्वतःच्या गालाने तपासला. जिथे गालाला टोचलं तिथे पुन्हा घासलं. मित्रांनो, त्या गालाची ऊब मला अजून आठवते. पुढे जे झालं ते ऐकून तुम्ही म्हणाल, हा तोच माणूस का? तोच होता. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

एकवीस तारखेला त्याने मला उलटा केला, पटाशी घेतली आणि कोरलं: 'लेकीसाठी. एकवीस तारीख. पॉलिश बाकी.'

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी बाळाला नावाजायचा आणि मग मला. मुलीला उचकी लागली की मला कळायचं, कारण माझे सगळे गज बारीक थरथरायचे. तिची आई एका पायाने मला झुलवायची आणि दोन्ही हातांनी काजं घालायची. दुधाचा, ओल्या दुपट्याचा आणि तेलाचा वास माझ्या लाकडात मुरत गेला. घरात नाखूश होती ती एकटी सासू. तिला नातू हवा होता, आणि सून मुळातच नको होती. तरी तीन महिने तिने तोंड आवळून काढले.

तीन महिन्यांनी मुलगी गुबगुबीत झाली. सुताराला माझं राहिलेलं पॉलिश आठवलं. त्याने मला दुकानात नेलं. पॉलिशवाला आला. चांगला कारागीर, पण जिभेला हाड नाही. त्याने माझी एक बाजू घासून चकचकीत केली, मागे सरकून पाहिलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला,

"काय रे, चार महिने तू तिकडं लोकांची दारं बसवत होतास. इकडं तुझी खिडकी कुणी उघडली?"

दुकान हसलं. करवतवाला तर हसता हसता खाली बसला. सुतारही आधी हसला. मग त्याचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. पॉलिशवाल्याने दुसऱ्या बाजूला हात घालायच्या आत सुताराने मला उचललं आणि तो घराकडे निघाला. माझी दुसरी बाजू तेव्हापासून कोरडीच आहे. पॉलिशवाला त्याच संध्याकाळी आपला विनोद विसरला असेल.

घरी सासूने सगळं ऐकलं. तिने काही विचारलं नाही. फक्त उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या एकेका पेरावर टेकवत महिने मोजायला सुरुवात केली. सात पेरं झाल्यावर ती थांबली आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्यातल्या मुलीकडे बघून म्हणाली, "सात महिन्यांची पोरं अशी असतात होय? माझी सात महिन्यांची दोन गेली. मला शिकवू नका."

बायको म्हणाली, "अम्मा, तुमच्यासमोरच तर सुईणीने तिला कापसात गुंडाळलं. नखं नव्हती तिला. विसरलात?"

"म्हाताऱ्या माणसाला कसली आठवण? तुझी आठवण चांगली आहे ना? मग आठव, तो नसताना दाराला कडी असायची का नाही ते!"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो एक शब्द बोलला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. तो आपल्या घट्ट्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मूल माझं नाही. तू बदफैली केलीस."

त्याच दिवशी तिला बाहेर काढलं. ती मुलीला कवटाळून जिना उतरली, आणि मागून मी आलो. "हेही ने!" असं ओरडून त्याने मला जिन्यावरून ढकललं होतं. माझ्या डाव्या पायाला तेव्हा चीर गेली. कठडे मात्र शाबूत राहिले. काम पक्कं होतं.

तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. एका खोलीत दुकान आणि मागे घर. त्या घरात चाळीस घड्याळं टिकटिकत असायची आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नसायची. म्हातारा कमी बोलायचा. मुलीने सांगितलं ते त्याने ऐकलं, एका डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, पुसलं आणि म्हणाला, "आधी जेव." नंतर माझा पाय कुरकुरतो म्हणून तेल घालायला त्याने मला उलटा केला. भिंग पुन्हा डोळ्याला लावलेलं होतं. तो बराच वेळ माझ्या पोटाखाली बघत राहिला. मग मला सरळ करून म्हणाला, "बेटा, काझीसाहेबांकडे जायचं तेव्हा मुलीला पाळण्यातच न्यायचं."

मित्रांनो, इथे तुम्हाला थोडं समजावून सांगावं लागेल. कुणी एखाद्या बाईवर असा आळ घेतला, तर आमच्या शरीयतमध्ये त्याला चार साक्षीदार आणावे लागतात. नाही आणले तर खोटा आळ घेतल्याबद्दल त्यालाच शिक्षा. पण नवराच आळ घेत असेल आणि साक्षीदार नसतील, तर एक वाट आहे. तिला लिआन म्हणतात. नवऱ्याने अल्लाहची शपथ घेऊन चार वेळा सांगायचं की मी खरं बोलतोय. पाचव्या वेळी म्हणायचं, मी खोटा असेन तर माझ्यावर अल्लाहची लानत. मग बायकोने चार वेळा शपथेवर सांगायचं की हा खोटं बोलतोय, आणि पाचव्या वेळी, हा खरा असेल तर माझ्यावर अल्लाहचा कोप. दोघांच्या शपथा झाल्या की शिक्षा कुणालाच नाही. काझी दोघांना वेगळं करतो. आणि नवऱ्याने मूल वेळेत नाकारलं असेल तर त्या मुलाला बापाचं नाव राहत नाही.

मुलीच्या आईला नवरा परत नको होता. तिला मुलीसाठी बापाचं नाव हवं होतं. वाटेत ती वडिलांना सारखी म्हणत होती, "अब्बा, लोक मला काय म्हणायचं ते म्हणू देत. हिला बेवारस म्हणायला नको कुणी."

काझीसाहेबांची खोली साधी होती. चटई, कागदांनी भरलेलं कपाट आणि एक खिडकी. काझी वृद्ध होते, त्यांना दमा होता. ते सुताराला म्हणाले, "मूल नाकारायचं तर जन्माची बातमी कळताच नाकारावं लागतं. मुबारकबाद घेतली, बाळासाठी काही तयारी केली, की तो हक्क संपतो. तू काय केलंस?"

सुतार पढून आला होता. "पहिल्याच दिवशी नाकारलं मी. कुणाची मुबारकबाद घेतली नाही."

"आणि हा पाळणा?"

"हा? दुकानात पडून होता. गिऱ्हाइकाने नेला नाही म्हणून घरी आणला."

घड्याळजी उठला. "काझीसाहेब, एक वस्तू उलटी करायची परवानगी द्या." त्याने मुलीला उचलून आईकडे दिलं आणि मला चटईवर पालथा घातला.

काझींनी वाकून वाचलं. मोठ्याने वाचलं. 'लेकीसाठी. एकवीस तारीख. पॉलिश बाकी.' मग विचारलं, "मूल कधी जन्मलं?"

घड्याळजीने सोबत आणलेली सुईण दारातून म्हणाली, "तीन तारखेला. याच हातांनी काढलं मी."

सुताराने माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, त्याच्या तोंडावर जे आलं ते मी ओळखलं. माझे गज गालाने तपासताना तो असाच दिसायचा. काझी म्हणाले, "मूल तुझं. आता ते कुणाच्या बापाला नाकारता यायचं नाही. राहिला बायकोवरचा आळ. तो मागे घे. शिक्षा होईल, पण ती या जगातली. चार दिवसांत पाठ भरून येईल. पाचवी शपथ खोटी निघाली तर ती नाही भरून येणार."

त्याचे ओठ हलले. तेवढ्यात त्याची आई मागून म्हणाली, "घे मागे. बाजारात फटके खा, आणि मग घरी येऊन माझा जनाजा उचल."

त्याने शपथ घेतली. एक. दोन. तीन. चार. चौथी झाल्यावर काझींनी खूण केली आणि कारकुनाने पुढे होऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. ही रीतच आहे. अजून थांब, एवढंच त्या हाताला सांगायचं असतं. त्याने तो हात बाजूला केला आणि पाचवी म्हणून टाकली.

मग तिची पाळी आली. मुलीला पुन्हा माझ्यात ठेवून म्हाताऱ्याने मला शेजारच्या खोलीत नेलं. दार अर्धं उघडं होतं. मला ती पाठमोरी दिसत होती. अंगावर राखाडी शाल, ताठ मान. चार वेळा ती एका दमात, न अडखळता म्हणाली. चौथ्यानंतर सुईणीने तिच्या तोंडावर हात ठेवला. मुलीच्या आईने तो हात हळूच खाली केला आणि पाचवीसाठी तोंड उघडलं.

तेवढ्यात मुलगी जागी झाली.

भूक लागली होती तिला. आवाज तर सुईणीने सांगितलाच होता तुम्हाला. ती किंचाळली तसे माझे गज झणझणले. म्हातारा मला झुलवू लागला, पण झुलवून कुठे पोट भरतं? आणि दारापलीकडे आईचे खांदे एकदम आत वळले. तिला पान्हा फुटला होता. शालीखाली झगा ओला होत चालला होता आणि समोर सगळे पुरुष बसले होते. तिने दोन्ही हात छातीवर आवळून धरले. तिचा चेहरा आमच्या दाराकडे वळला, तोंड उघडंच राहिलं आणि शब्द थांबला. किती वेळ? या मुलीने तीन वेळा श्वास घेतला, तेवढाच.

"अडखळली!" सासू म्हणाली. आधी हळू, मग जोरात. "बघा, अडखळली! पाचव्याला जीभ उचलेना!" मागे बसलेल्यांत कुजबुज झाली. करवतवाल्याने मान हलवली. पॉलिशवाला आलाच नव्हता.

तिने पाचवी पुरी केली. अक्षर न् अक्षर. "हा खरं बोलत असेल तर माझ्यावर अल्लाहचा कोप होवो." काझींनी दोघांना कायमचं वेगळं केलं आणि मुलीला बापाचं नाव लिहून दिलं. कागदाची शाई वाळायच्या आत ती आमच्या खोलीत आली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि मुलीला शालीखाली घेतलं. म्हातारा म्हणाला, "नाव मिळालं, बेटा." ती नुसती मान हलवत राहिली.

कागदात कोण जिंकलं ते लिहिलं होतं. गावाने मात्र एकच शब्द घरी नेला. अडखळली. काजं द्यायला गेली की शिंपी विचारायचे, "मग? अडखळलीस का त्या दिवशी?" नळावर बायका बाजूला सरायच्या. एकीने तर हसून म्हटलं, "आमच्या कपड्यांना सुई लावू नकोस बाई, तू मध्येच थांबतेस." मी हे तिच्याच तोंडून ऐकलं. ती हे मुलीला नाही, मला सांगायची. मुलगी तोवर रांगू लागली होती आणि माझ्यात मावत नव्हती.

पुढची वर्षं मी मिळेल ते काम केलं. माझ्यात घड्याळांची रिकामी डबडी राहिली, मग बाहुल्या, मग दप्तर. माझ्या कोरड्या बाजूची कूस मुलीच्या कोपराला लागायची, म्हणून आईने तिथे जुनी चादर शिवून टाकली. मुलगी नानाच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या मांडीवर बसून घड्याळं उघडायला शिकली. तिच्या वहीवर बापाचं नाव होतं. आई ते नाव स्वतः लिहायची, सुवाच्य, प्रत्येक वहीवर.

ती नऊ वर्षांची झाली आणि सुतार दारात आला.

त्याचे केस पिकले होते. दुसरी बायको दोन वर्षांत माहेरी निघून गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्याची आई अंथरुणाला खिळली होती. तिला कुशीवर वळवायला, भरवायला, पुसायला घरात कुणी नव्हतं. "मुलगी नऊची झाली," तो म्हणाला. "नियमाने आता ती बापाकडे राहायची. काझींनी सांगितलंय."

घड्याळजी म्हणाला, "शपथ घेऊन सांगितलंस की हिची आई बदफैल आहे. आता हीच मुलगी तुझ्या आईची घाण काढायला हवी?"

"नाव माझं लावते ना? मग झालं."

जुने काझी वारले होते. नवे तरुण होते आणि त्यांच्याकडे गर्दी होती. त्यांनी जुना कागद पाहिला आणि एकच प्रश्न केला, "बापाचं नाव कुणी मागून घेतलं होतं?"

आई म्हणाली, "मी."

"मग त्याच्यासोबत हेही येतं."

त्या दुपारी घरी आल्यावर तिने मला पालथं घातलं, वडिलांची कानस घेतली आणि ती अक्षरं खरवडली. 'लेकीसाठी' आधी गेलं. मग तारीख. भुसा तिच्या पापण्यांवर बसला. म्हाताऱ्याने तिला थांबवलं नाही. आता खरवडूनही उपयोग नव्हता, हे तिलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार मुलीला न्यायला आला. मुलगी कपड्यांचं गाठोडं छातीशी धरून उभी होती आणि कुणाकडेच बघत नव्हती. तेवढ्यात त्याचा धक्का लागून मी हललो आणि कुरकुरलो. सुतार खाली बसला. "पाचर सैल झालीय," असं पुटपुटत त्याने खिशातून छोटी हातोडी काढली आणि दोन ठोके घालून ती पक्की केली. मग हात झटकले आणि मुलीचं मनगट धरून तिला घेऊन गेला.

आता ती आठवड्यातून एकदा येते. हातांना मलमाचा वास असतो. मागच्या खेपेला ती माझ्याजवळ बसली, पाय माझ्यात सोडले आणि गजांवरून बोट फिरवत म्हणाली, "अम्मी, दादी म्हणते, तू पाचव्या वेळी अडखळलीस. खरं आहे का?"

आईची सुई काजात थांबली.

"अम्मी, मग तू का अडखळलीस? खरं बोलणारं माणूस अडखळत नाही, असं दादी म्हणते."

मी म्हटलं, आता सांगेल. नऊ वर्षं गिळलेलं आता बाहेर येईल. आईने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं. हे कारण सांगितलं तर ही पोर आयुष्यभर काय उरी घेऊन फिरेल, ते तिने मोजलं असावं. ती म्हणाली, "घसा कोरडा पडला होता गं. पाणी नव्हतं तिथे."

मुलीने मान हलवली. पण मित्रांनो, मी तिच्या पायांखाली होतो. तिचे पाय माझ्यातून हळूच बाहेर निघाले. तिचा विश्वास बसला नव्हता. जाताना तिने आईला नेहमीसारखी मिठी मारली नाही.

मी लाकूड आहे. बाळ उचकी देतं तेव्हा थरथरायचं, हलवलं की कुरकुरायचं, एवढंच मला येतं. आणि आता तर कुरकुरही त्याने ठोकून बंद केली. तुम्हाला मात्र तोंड आहे. कुणी कुणाचे महिने बोटांवर मोजू लागलं, तर तिथे हसू नका. हसणाऱ्यांच्या दुकानात मी होतो, आणि तिथून निघालेली गोष्ट कुठवर गेली ते तुम्ही ऐकलंत. आणि कधी तुमच्या वर्गात मलमाचा वास येणाऱ्या हातांची, बंद पडलेली घड्याळं उघडून बघणारी एखादी मुलगी आली, तर तिला जवळ बसवा. तिची वही वाचा आणि नावाबद्दल काही विचारू नका. तिला फक्त एवढं सांगा की तिची अम्मी खोटी नव्हती. शेजारच्या खोलीत एक बाळ भुकेने रडत होतं, म्हणून ती थांबली.

ते बाळ कोण होतं, हे ती विचारेल. तेव्हा तिचा हात धरा आणि मग सांगा.